आयोवाचा परराज्यातल्यांसाठीचा हरणाचा टॅग: घेणाऱ्याला काय मिळतं, कळपाला काय मिळतं

अमेरिकेत व्हाइटटेल हरणाच्या मोठ्या नराचा विषय निघाला की आयोवाचं नाव निघतंच, आणि पाठोपाठ तक्रारही निघते की तिथला टॅग, म्हणजे एक हरीण मारायचा परवाना, मिळत नाही. परराज्यातल्या शिकाऱ्यांसाठी आयोवा वर्षाला नर मारता येईल असे फक्त 6,000 टॅग देतं, तेही सोडत काढून. बाहेरची गर्दी रोखली तर नर म्हातारे होतील, शिंगं वाढतील, कळपाचा दर्जा राहील, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. सगळा हिशेब केला तर हा टॅग हजारभर डॉलरला पडतो आणि चांगल्या विभागात पाच-सहा वर्षं थांबायला लावतो. एवढं घेणारी सेवा नीट तपासायला हवी. आमचं मत आधीच सांगतो: शिकार म्हणून टॅग उत्तम आहे, पण कळपाच्या दर्जाचं जे श्रेय या 6,000 च्या आकड्याला दिलं जातं, त्यातलं बरंचसं दुसऱ्याच नियमांचं आहे.

आधी व्यवहार बघू. अर्जाची मुदत मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी सुरू होते आणि जूनच्या पहिल्या रविवारी संपते. अर्ज राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या ऑनलाइन खात्यातून करायचा. 1 जानेवारी 1972 नंतरचा जन्म असेल तर शिकार-सुरक्षा अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र लागतं. कोणत्याही राज्याचं चालतं, पण ते आधीच हाताशी ठेवा, मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात शोधायला लागू नका. मग विभाग आणि हंगाम निवडायचा; हंगाम हत्यारानुसार वेगवेगळे आहेत. राज्याचे 10 विभाग आहेत आणि टॅग ज्या विभागाचा, तिथेच चालतो. सीमेवरच्या रस्त्यापलीकडे नर उभा असला तरी तो आपला नाही. शेत दोन विभागांत पसरलेलं असेल तर अर्जाआधी नकाशा उघडून झाडी कुठे आणि मचाण कुठे ते बघून घ्यावं.

टॅग जोडीनेच मिळतो: नर-मादी कोणतंही एक हरीण आणि त्याशिवाय एक बिनशिंगाचं. मूळ परवाना, अधिवास शुल्क आणि ही जोडी मिळून साडेसहाशे डॉलरच्या आसपास जातात. सोडतीत नंबर लागला नाही तर प्रेफरन्स पॉइंट घेता येतो, त्याचे साठेक डॉलर. सोडतीत न उतरता नुसता पॉइंटही विकत घेता येतो. जास्त पॉइंटवाल्यांचा नंबर आधी लागतो आणि टॅग मिळाला की खात्यावरचे पॉइंट शून्य होतात. धनुष्यबाणाच्या हंगामासाठी दक्षिणेकडच्या 4, 5 आणि 6 या विभागांत पाच-सहा पॉइंट धरून चला. तेवढ्या पॉइंटांचे तीनशे-साडेतीनशे आणि टॅगचे साडेसहाशे, म्हणजे आयोवाच्या जमिनीवर पाऊल ठेवण्याआधीच हजाराच्या घरात. म्हाडाच्या सोडतीत दर वर्षी अर्ज भरणाऱ्याला ही वाट पाहणं ओळखीचं वाटेल, फरक इतकाच की इथे हरलेली वर्षं जमेला धरली जातात.

पॉइंटांची पायरी दर काही वर्षांनी वर सरकते, त्याचं कारण साधं आहे. कायद्याने 6,000 पैकी 35 टक्के, म्हणजे 2,100 टॅग धनुष्यबाणवाल्यांसाठी राखीव आहेत. ते 10 विभागांत वाटले गेले की एकेका विभागात थोडेच उरतात. मागणी दक्षिणेत एकवटलेली, आणि टॅग न मागता नुसते पॉइंट साठवत बसलेले लोकही मागे रांगेत आहेत. ते ज्या वर्षी सोडतीत उतरतात त्या वर्षी एक पॉइंट कमी असलेला बाहेर राहतो. शॉटगनच्या हंगामांसाठी बरेच कमी पॉइंट पुरतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने तोच रस्ता धरावा असं आम्हाला वाटतं, कारण पाच वर्षांचे पॉइंट अनोळखी जमिनीवर खर्चून रिकाम्या हाताने परतण्यात अर्थ नाही.

टॅग हातात आल्यावर लोक कुठे चुकतात तेही सांगायला हवं. ओहायो किंवा मिशिगनहून येणारे क्रॉसबो, म्हणजे घोडा दाबून बाण सोडणारं आडवं धनुष्य, घेऊन येतात. आयोवाच्या धनुष्याच्या हंगामात परराज्यातल्या धडधाकट शिकाऱ्याला क्रॉसबो चालत नाही. टेक्सासची सवय असलेले मका टाकून आमिष लावायला बघतात, आयोवात आमिषावर शिकार करणं गुन्हा आहे. ऑक्टोबरमधला ठासणीच्या बंदुकीचा हंगाम फक्त रहिवाशांचा आहे. बाहेरच्यांना डिसेंबर-जानेवारीतला उशिराचा हंगाम मिळतो. हरीण सापडल्यापासून 15 मिनिटांत, किंवा त्याआधी ते हलवणार असाल तर हलवण्यापूर्वी, टॅग बांधावा लागतो. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत नोंद करावी लागते. आधी फोटो काढू, ट्रॅक्टरने बाहेर ओढू, मग टॅग बांधू, अशा क्रमात दंड होतो.

आता कळपाच्या दर्जाकडे वळू. दर्जा म्हणजे नुसती शिंगं नव्हेत. नरांमध्ये वयाची उतरंड आहे का, नर-मादी प्रमाण कसं आहे, आणि जमिनीत जेवढं अन्न आहे त्याच्या मानाने तोंडं किती आहेत, या तीन गोष्टी बघाव्या लागतात. शिंगं यांच्या मागून येतात. दीड वर्षाच्या नराची शिंगं त्याच्या पुढच्या कमाल आकाराच्या साधारण पाव ते एक तृतीयांश असतात, साडेतीनव्या वर्षी तीन चतुर्थांशाच्या आसपास, आणि पाच ते सात वर्षांच्या दरम्यान ती पूर्ण भरतात. म्हणजे नराला दुसरा आणि तिसरा हिवाळा ओलांडू देणं हेच सगळ्यात मोठं काम. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मारल्या जाणाऱ्या शिंगवाल्या नरांपैकी साठ टक्क्यांच्या वर दीड वर्षाचेच असत. आज ते प्रमाण निम्म्यावर आलं आहे, आणि ते केवळ कोट्यांमुळे आलेलं नाही. शिकाऱ्यांनी स्वतःहून कोवळे नर सोडायला सुरुवात केली, हा त्यातला मोठा भाग आहे.

वय कसं कळतं? मेलेल्या हरणाचा खालचा जबडा उघडून पुढून तिसरी दाढ बघायची. तिला तीन उंचवटे असतील तर ती दुधाची आहे आणि हरीण दीडेक वर्षाच्या आतलं आहे. अठरा-एकोणीस महिन्यांच्या सुमारास ती पडून दोन उंचवट्यांची पक्की दाढ येते. त्यापुढे झीज बघायची: दाढेच्या कडेचं पांढरं कवच आणि आतला तपकिरी पट्टा यांत तपकिरी रुंद होत गेला की वय वाढलं. साडेतीनच्या पुढे हा अंदाज ढिला पडतो, म्हणून चार आणि सहा वर्षांतला फरक दातांवरून छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. जिवंत नरात मान थेट छातीत मिसळलेली, पोटाची रेघ खाली आलेली आणि त्यामुळे पाय आखूड वाटणारे, असं दिसलं तर तो चारच्या पुढचा. पाय लांब, कंबर बारीक आणि मान वेगळी दिसणारा नर शिंगांची कितीही टोकं मिरवत असला तरी सोडून द्यावा.

या मोजपट्टीवर 6,000 चा कोटा कसा उतरतो? आयोवात अलीकडच्या काळात वर्षाला साधारण 1 लाख हरणं मारली जातात, त्यातली चाळीस टक्क्यांच्या आसपास शिंगवाली. परराज्यातल्या प्रत्येक टॅगवर नर पडला असं धरलं, जे कधीच होत नाही, तरी ते एकूण नरांच्या सातव्या हिश्श्याइतकेच. बाकीचे रहिवासी मारतात. रहिवाशाला धनुष्यासाठी एक आणि बंदुकीसाठी एक असे दोन नर मारता येतात. शेतजमीन असेल तर त्यावर आणखी एक टॅग मिळतो. ओहायो, कॅन्सस, केंटकी या राज्यांत माणशी एक नर हा नियम आहे. कळपाच्या वयाची खरोखर काळजी असेल तर पहिला चिमटा इथे बसायला हवा. स्वतःच्या मतदारांना दोन-तीन नर देऊन पाहुण्यांच्या आकड्यावर बोट ठेवणं आम्हाला पटत नाही.

एक गोष्ट मात्र कोट्याच्या बाजूने मान्य करायला हवी. पाच वर्षं थांबून आलेला पाहुणा दीड वर्षाचा नर मारत नाही. त्याचा नेम चार वर्षांच्या वरच्याच नरांवर असतो आणि तेही दक्षिणेच्या मोजक्या काउंट्यांत. त्यामुळे एकूण मारीत त्याचा वाटा लहान असला तरी म्हाताऱ्या नरांच्या मारीत तो त्याहून मोठा पडतो. कोटा दुप्पट केला तर तो भार सगळ्या राज्यावर पसरणार नाही, याच टापूवर पडेल.

आयोवाच्या नरांना खरं वाचवतं ते हंगामाचं वेळापत्रक. तिथे हरणांचा माज नोव्हेंबरच्या मध्याला शिगेला पोचतो. त्या दिवसांत म्हातारा नरही भर दुपारी उघड्या शेतातून मादीमागे धावतो. नेमक्या त्या दिवसांत आयोवात बंदूक बंद असते, फक्त धनुष्य चालतं. पहिला शॉटगन हंगाम डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि पाच दिवस चालतो, दुसरा त्यापुढच्या शनिवारपासून नऊ दिवस. तोवर नर पुन्हा झाडीत शिरलेला आणि सावध झालेला असतो. लांब पल्ल्याची रायफलही परंपरेने नाही. 2017 पासून सरळ नळकांड्याच्या काडतुसाच्या रायफली शॉटगन हंगामात चालू लागल्या, पण त्यांचाही पल्ला मर्यादित.

सीमेपलीकडचं उत्तर मिसुरी बघा. माती तीच, मका-सोयाबीन तेच, ओढ्यांकाठची ओकची झाडी तीच. तिथे परराज्यातल्याला टॅग थेट विकत मिळतो, कोटा नाही, आणि बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या मध्यालाच उघडतो. दोन्ही राज्यांच्या नरांत फरक दिसला की लोक कोट्याकडे बोट दाखवतात. खरं म्हणजे तिथे दोन गोष्टी एकदम बदलतात, आणि आमच्या मते त्यात तारखेचं वजन जास्त आहे. उद्या आयोवाने 6,000 चा आकडा तसाच ठेवून रायफलला नोव्हेंबरचे दहा दिवस दिले, तर तीन-चार वर्षांत म्हातारे नर शोधावे लागतील.

मग कोट्याचा उपयोग कशात? जमिनीत. आयोवातली साधारण 97 टक्के जमीन खासगी आहे. शिकार करायची तर कोणाच्या तरी शेतात, किंवा थोड्याशा सरकारी तुकड्यांवर. शिकार-सहली विकणारा व्यावसायिक शेतं भाडेपट्ट्याने घेतो तेव्हा त्याला दर वर्षी गिऱ्हाइकांची खात्री हवी असते. सोडतीमुळे यंदा किती गिऱ्हाइकांना टॅग लागतील हे त्याला आधी सांगता येत नाही, मग तो मोठे पट्टे घ्यायला धजत नाही. पट्ट्यावर गेलेल्या शेतात काय होतं ते कळपाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. गिऱ्हाइकाला नर हवा असतो, मादी मारायला तो आलेला नसतो. व्यावसायिकालाही गिऱ्हाईक येण्याआधी शेतात गोळीबार नको असतो. म्हणून माद्या वाढत जातात, मका खाल्ला जातो, शेजारचा शेतकरी चिडतो, आणि नर-मादी प्रमाण बिघडतं. पट्टा नसेल तर तेच शेत गावातल्या कुटुंबाला मोकळं राहतं आणि डिसेंबरमध्ये तीच मंडळी मांसासाठी माद्या मारतात. कोटा कळपाला मदत करतो ती या वळणाने, आणि हीच त्याची सगळ्यात भक्कम बाजू आहे. जास्तीचं मांस रहिवाशांप्रमाणे पाहुण्यांनाही राज्याच्या ‘हश’ योजनेतून गरजूंना देता येतं. बिनशिंगाचा टॅग वाया घालवू नका. तो वापरणं हाच पाहुण्याचा कळपाला थेट हातभार आहे.

याच कारणाने आयोवात जमीन असलेल्या परराज्यातल्या मालकांची मागणीही आम्हाला मान्य नाही. ते मालमत्ता कर भरतात, तरी नरासाठी त्यांना सोडतीतच उभं राहावं लागतं, हमी फक्त बिनशिंगाच्या टॅगची. त्यांचं दुःख खरं आहे. पण जमीन घेतली की नर मिळाला असं झालं, तर प्रत्येक झाडीचा तुकडा टॅगच्या भावाने विकला जाईल आणि गावातला तरुण शेतकरी त्या बाजारात टिकणार नाही. कायदाही राज्यांच्या बाजूने आहे. 1978 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॉन्टानाच्या खटल्यात बाहेरच्यांना साडेसात पट शुल्क लावणं वैध ठरवलं, आणि 2005 मध्ये काँग्रेसने रहिवासी-अरहिवासी भेद करण्याचा राज्यांचा अधिकार वेगळा कायदा करून पक्का केला.

सेवेतला सगळ्यात मोठा दोष आकड्यातच आहे. 6,000 हा आकडा विधिमंडळाच्या कायद्यात लिहिलेला आहे, जीवशास्त्रज्ञांच्या गणतीतून तो येत नाही. 2012 च्या कोरड्या उन्हाळ्यात चिलटांनी पसरवलेल्या ईएचडी या विषाणूजन्य रोगाने मध्य-पश्चिमेत हरणं पाण्याकाठी मरून पडली, तरी कोट्याचा आकडा तोच. एखाद्या भागात माद्या उतू गेल्या तरी तोच. वायोमिंगने 2022-23 च्या भयंकर हिवाळ्यानंतर पश्चिमेकडच्या भागांतले बाहेरच्यांचे म्यूल डिअर या हरणाच्या दुसऱ्या जातीचे टॅग लगेच कापले. तिथे त्या वर्षीची पाडसं जवळजवळ सगळी गेली होती. कोटा असावा तर असा, कळपाबरोबर वरखाली होणारा. ॲरिझोना बाहेरच्यांना 10 टक्क्यांची मर्यादा घालतं, न्यू मेक्सिको 84 टक्के रहिवाशांना, 10 टक्के व्यावसायिकांबरोबर जाणाऱ्यांना आणि 6 टक्के उरलेल्या बाहेरच्यांना देतं. टक्केवारीचा फायदा हा की एकूण टॅग कमी झाले की रहिवासी आणि पाहुणे दोघांनाही झळ बसते. आयोवाने विभागवार टक्केवारी लावली तर वाद पुष्कळ कमी होतील.

सीडब्ल्यूडी हा दुसरा पेच आहे. मेंदू सडवणारा हा प्रायॉनचा, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनाचा, रोग आयोवाच्या रानटी हरणांत पहिल्यांदा 2013 च्या हंगामात अलामाकी काउंटीत सापडला. पोक्त नरांत त्याचं प्रमाण माद्यांच्या साधारण दुप्पट असतं, कारण नर जास्त फिरतो आणि जास्त हरणांना हुंगतो-चाटतो. म्हणजे ‘म्हातारे नर भरपूर’ हे दर्जाचं लक्षण रोग असलेल्या काउंटीत धोक्याचंही लक्षण ठरतं. अशा ठिकाणी कमी टॅग देऊन नर वाचवण्याचा हट्ट चुकीचा आहे. पाहुण्यासाठी व्यवहाराची गोष्ट अशी की बहुतेक राज्यं बाहेरून अख्खं धड, मेंदू किंवा कणा आणू देत नाहीत. हाडं काढलेलं मांस आणि स्वच्छ केलेला कवटीचा वरचा भाग शिंगांसकट नेता येतो. निघण्याआधी घशामागच्या लसिका ग्रंथींचा नमुना तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत मांस वेगळ्या पिशवीत गोठवून ठेवा. निकाल पॉझिटिव्ह आला तर ते खाऊ नये.

पैशाचं अंग थोडक्यात. 6,000 जणांचे साडेसहाशेप्रमाणे जवळपास 39 लाख डॉलर होतात आणि 1996 च्या घटनादुरुस्तीमुळे ते मासे-वन्यजीव निधीबाहेर वळवता येत नाहीत. रहिवासी तशाच शिकारीसाठी शंभर डॉलरच्या आत खर्च करतो. दर्जा हवा असेल तर रहिवाशांचंही शुल्क थोडं वाढायला हरकत नाही.

डे मॉइन किंवा सीडर रॅपिड्सला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक सूचना. सलग 90 दिवस आयोवात मुख्य घर करून राहिलात की शिकारीच्या परवान्यापुरते तुम्ही रहिवासी. तिथे नागरिकत्वाचा प्रश्न येत नाही, सोडतही नाही आणि हजार डॉलरही नाहीत. मात्र एच-1बी सारख्या व्हिसावर असाल तर बंदूक बाळगण्यावर फेडरल कायद्याची बंदी आहे. वैध शिकारी परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणून आधी परवाना, मगच बंदुकीचा विचार. धनुष्याला ही अडचण नाही.

बाहेरून अर्ज करणाऱ्याने विभाग नावावरून निवडू नये. मनरो काउंटीत 2003 मध्ये शिंगांचं एकूण माप 307 5/8 इंच भरलेला नर पडला, ही गोष्ट अजून लोकांना 5 नंबरच्या विभागाकडे ओढते. पण पॉइंट जमेपर्यंतची वर्षं जमीन शोधण्यात घालवा. शेतकऱ्यांची परवानगी मिळवा, लोकांना खुली केलेली खासगी शेतं राज्याच्या अधिवास-प्रवेश योजनेच्या नकाशावर शोधा, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानं गळून शिंगं जमिनीवर पडलेली असताना, एकदा फिरून या. ज्या शेतात पाय ठेवायची परवानगी पक्की झाली आहे, ते ज्या विभागात येतं, त्याच विभागाचा अर्ज भरा.